भरलेल्या ओट्यावर एअर फ्रायर घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये सिडकोतलं जुनं घर असो, पंचवटीतला वाडा असो किंवा पाथर्डी फाट्याकडचा नवा वन बीएचके, स्वयंपाकघराचं गणित सगळीकडे सारखंच असतं. शेगडी, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, कुकर, डब्यांची रांग आणि या सगळ्यातून उरलेली पोळ्या लाटण्यापुरती जागा. त्यात आणखी एक यंत्र आणायचं तर ते रोज आपली जागा कमावणारं हवं. शेजारपाजारच्या, नात्यातल्या आणि ओळखीच्या लोकांनी मला या बाबतीत जे प्रश्न वारंवार विचारले, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

एअर फ्रायर नेमकं काय करतो?

वर एक तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीची बास्केट. पंखा गरम हवा जोरात खाली ढकलतो. ती पदार्थाभोवती फिरते, वरचा ओलावा उडवते आणि पृष्ठभाग खरपूस करते. म्हणजे हा एक लहान, वेगवान ओव्हन आहे. बाजारात हे यंत्र २०१० साली फिलिप्सने या नावाने आणलं, नंतर सगळ्याच कंपन्या उतरल्या. तापमान साधारण ८० ते २०० अंश सेल्सिअस असतं.

कढईतलं तेल पदार्थाला चारी बाजूंनी एकदम चिकटतं आणि हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता आत देतं. म्हणूनच पुरी काही क्षणांत फुगते. ते काम हवेला जमत नाही. पुढच्या सगळ्या उत्तरांचं मूळ यातच आहे: ज्या घरात भाजण्याची, शेकण्याची आणि गरम करण्याची कामं जास्त आहेत, तिथे हे यंत्र उपयोगी पडतं. ज्या घरात तळण म्हणजे भजी, पुऱ्या आणि बटाटेवडे, तिथे ते पडून राहतं.

मग भजी होतच नाहीत का?

नाही. कांदाभजीचं पीठ जाळीत घातलं की आधी ते हळूहळू पसरतं, मग भोकांतून खाली ओघळतं आणि खालच्या ट्रेमध्ये त्याचे थेंब वाळून चिकटतात. वर उरतो तो बेसनाचा कोरडा पापुद्रा. तेलात पीठ पडताक्षणी त्याचं कवच बांधलं जातं, इथे ते बांधायला काही मिनिटं लागतात आणि तोवर पीठ वाहून गेलेलं असतं. बटाटेवडा, मिरचीभजी, मूगभजी सगळ्यांची हीच गत. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यावरून भिजून आल्यावर भजी खायची असतील तर कढईच काढावी.

पुरीही नाही. कुरडई आणि साबुदाण्याच्या पापड्याही तेलासारख्या फुलत नाहीत, वरून कडक आणि आत कच्च्या राहतात. ज्यांच्याकडे उन्हाळ्याचं वाळवण डबे भरून असतं, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

मग आपल्या घरातलं काय चांगलं होतं?

पुष्कळ काही, आणि त्यातलं बरंचसं लोकांच्या डोक्यातही नसतं.

अळूवडी आणि कोथिंबीरवडी या दोन गोष्टींसाठी मी या यंत्राची मनापासून बाजू घेईन. उंडे आधी उकडून, पूर्ण गार करून कापायचे. वड्यांना दोन्ही बाजूंनी ब्रशने तेल लावायचं, एका थरात मांडायच्या आणि १९० अंशांवर बारा-तेरा मिनिटं ठेवायच्या, मध्ये एकदा उलटायच्या. अळूच्या कडा सुटून थोड्या वर वळतात, गुळाचा अंश असलेल्या रेषा तपकिरी होतात आणि वरचे तीळ फुटायला लागल्याचा बारीक आवाज येतो. तो आला की बंद करायचं. तेलातल्या वडीपेक्षा ही कोरडी लागते, पण आतला चिंच-गुळाचा स्वाद जास्त स्वच्छ कळतो.

दुसरं म्हणजे काळ्या वाटणासाठी कांदा-खोबरं भाजणं. नाशिककडच्या रस्सा भाज्या, मटण आणि घरच्या मिसळीची तर्री या वाटणाशिवाय होत नाही, आणि बंद स्वयंपाकघरात कांदा भाजला की घरभर धूर होतो. कांद्याचे जाड काप तेलाचा हात लावून १९० ते २०० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं ठेवले की कडा काळपट होतात आणि आतून मऊ पडतात. सुकं खोबरं मात्र वेगळं भाजा, १६० अंशांवर चार-पाच मिनिटं, आणि तिसऱ्या मिनिटाला उघडून बघा. खोबरं क्षणात करपतं आणि करपलेलं खोबरं सगळं वाटण कडू करतं. विस्तवावर भाजलेल्या कांद्याचा धुरकट वास इथे येत नाही, तो हवा असेल त्यांनी जाळीवरच भाजावा.

शेंगदाणे १६० अंशांवर दहा-बारा मिनिटांत भाजून होतात, मध्ये दोनदा हलवायचे. शेजारी उभं राहून परतत बसावं लागत नाही, त्यामुळे कुटासाठी आठवड्याचे दाणे एकदम भाजता येतात. मक्याचं कणीस, रताळं, भरताचं वांगं (टोचे मारून, तेल लावून), मसाला लावलेलं चिकन, रवा लावलेली सुरमई, पनीर हे सगळं व्यवस्थित होतं. उपवासाचा साबुदाणावडा चपटा थापून, तेल लावून होतो, पण गरम असतानाच खायला हवा, गार झाला की कडक लागतो.

आणि शिळं ताजं करणं! कालची कचोरी, समोसा, पॅटिस, उरलेला पिझ्झा १६० ते १७० अंशांवर चार-पाच मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये हेच पदार्थ मऊ आणि चिवट होतात. पाकिटातले गोठवलेले फ्राइज तर या यंत्रासाठीच बनल्यासारखे होतात, कारण ते कारखान्यात आधीच तेलातून काढलेले असतात.

चिवड्याचे पोहे भाजता येतील का?

पातळ पोहे घालू नका. पंख्याच्या झोताने ते उडतात, वरच्या कॉइलला चिकटतात आणि जळतात. हीच अडचण हलक्या पापडाची, मेथीच्या पानांची आणि मोकळ्या बेकिंग पेपरची. पापड तर शेगडीवर अर्ध्या मिनिटात भाजून होतो, त्यासाठी यंत्र तापवायचं कशाला?

आमच्या ओट्यावर जागाच नाही. किती जागा लागते?

चार लिटरचं यंत्र साधारण १२ इंच रुंद, १३-१४ इंच खोल आणि तेवढंच उंच असतं. पण एवढीच जागा पुरत नाही. मागून गरम हवा बाहेर पडते, म्हणून मागे, दोन्ही बाजूंना आणि वर किमान चार-चार इंच मोकळं हवं. त्यात बास्केट पुढे ओढायला आणि ती गरम असताना टेकवायला आणखी फूटभर. आपला ओटा बहुतेक दोन फूट खोल असतो, म्हणजे खोलीच्या बाजूने यंत्र मावतं. रुंदीत मात्र वीस इंच जातात, आणि घोळ तिथेच होतो.

दुकानात जाण्याआधी एक करा. जुन्या वर्तमानपत्राचा वीस इंच बाय अठरा इंचाचा तुकडा कापा आणि जिथे यंत्र ठेवायचा विचार आहे तिथे ओट्यावर चिकटवून टाका. आठवडाभर त्या कागदावर काहीही ठेवायचं नाही. भाजी निवडायची ताटली नाही, दुधाचं पातेलं नाही, पोळ्यांचा डबाही नाही. सकाळच्या डब्यांच्या घाईत तो कागद तसाच मोकळा राहिला तर यंत्राला घरात जागा आहे. मंगळवारीच त्यावर कणकेची परात आली असेल, तर उत्तर मिळालं.

माळ्यावर ठेवून लागेल तेव्हा काढला तर?

हे होत नाही. यंत्राचं वजन चार-पाच किलो असतं. स्टूलवर चढून काढा, पुसा, प्लग शोधा, वापरा, गार होईपर्यंत थांबा, धुवा, पुन्हा चढवा. एवढ्या खटाटोपात कोणीही कढईच चढवेल. माझं मत यावर पक्कं आहे: जे यंत्र कायम ओट्यावर, प्लगच्या हाताशी राहू शकत नाही, ते घेऊ नये. किंमत कितीही कमी असो.

फ्रिजवर, वॉशिंग मशीनवर किंवा बंद शेगडीवर ठेवलं तर?

शेगडीवर कधीच नाही. चुकून नॉब फिरला तर खालचं प्लॅस्टिक पेट घेईल. फ्रिजवर ठेवलं तर गरम बास्केट छातीच्या उंचीवरून खाली घ्यावी लागते, लहान मुलं पायात घुटमळत असताना हे धोक्याचं आहे. वॉशिंग मशीन सुरू झालं की हादरतं, त्यावरून यंत्र सरकतं.

नाशिकच्या बऱ्याच फ्लॅट्समध्ये स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी असते. ती वरून झाकलेली असेल आणि पावसाचे शिंतोडे आत येत नसतील, तर तिथे भिंतीला पक्की मांडणी बसवून कमरेच्या उंचीवर यंत्र ठेवणं हा मला सगळ्यात चांगला उपाय वाटतो. मशीनसाठी घेतलेला १६ अँपियरचा पॉइंट तिथे असतोच. फक्त दोन्ही यंत्रं एकाच वेळी एकाच पॉइंटवर चालवायची नाहीत.

भिंतीवरच्या लाकडी कपाटाखाली ठेवणार असाल तर वापरताना यंत्र पुढे ओढून घ्या. रोजच्या वाफेने आणि उष्णतेने लॅमिनेट सुटतं.

कोणता प्लग लागतो? एक्स्टेंशन बोर्ड चालेल का?

यंत्रांची ताकद १२०० ते १७०० वॅटच्या दरम्यान असते. साध्या ६ अँपियरच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॅट येते. त्यामुळे १५०० वॅटच्या यंत्राला मोठा, १६ अँपियरचा पॉइंटच हवा. जाड पिनांचा प्लग कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटमध्ये घालणं, किंवा मिक्सर आणि फिल्टर असलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर तिसरं हे लावणं, यातून सॉकेट तापतं आणि पिनांभोवती प्लॅस्टिक पिवळं पडून वितळायला लागतं. जुन्या घरात आधी वायरमनला बोलावून वायर आणि अर्थिंग तपासून घ्या. त्याचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा.

इन्व्हर्टरवर हे चालणार नाही. घरगुती ८००-१००० व्हीएचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांसाठी असतो.

वीजबिल किती वाढेल?

१५०० वॅटचं यंत्र वीस मिनिटं सलग तापलं तर अर्धा युनिट लागतं. ठरलेलं तापमान गाठल्यावर कॉइल मधूनमधून बंद होते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच. रोज एकदा वापरलं तरी महिन्याला पंधरा युनिटच्या आत. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरच्या वापराला वरचा दर लागतो, त्यामुळे तुमचं बिल ९०-९५ युनिटवर असेल तर वरचे युनिट महाग पडतील. आपल्याच बिलावरचा आकडा बघून हिशोब करा. विजेच्या खर्चामुळे यंत्र घेऊ नये असं मी म्हणणार नाही, आणि गॅस वाचेल म्हणून घ्यावं असंही नाही.

तेल खरंच वाचतं का? तब्येतीला फायदा?

तेल वाचतं, पण तुम्ही आधी तळत होता तेच पदार्थ इथे केले तर. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, सुमारे १२० कॅलरी. ब्रशने लावलेल्या तेलात एक चमचा अख्ख्या घाण्याला पुरतो.

याहून मोठा फायदा मला वेगळाच वाटतो. कढईत उरलेलं तेल आपण गाळून ठेवतो आणि पुन्हा तळणीला घेतो. वारंवार तापलेल्या तेलात अपायकारक घटक वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा तेलातल्या पोलर घटकांची (तेल तापून बिघडत जातं तसे वाढणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, पण घरी ते मोजणार कोण? थोड्याशा वड्यांसाठी कढईभर तेल तापवावंच लागलं नाही, तर हा प्रश्न उरत नाही.

तरीही दोन गोष्टी स्पष्ट असू द्या. हवेत भाजलेले बटाट्याचे काप शेवटी बटाटाच असतात. मधुमेह असलेल्या आजोबांच्या ताटात ते मोजूनच जायला हवेत. दुसरं, पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले की त्यात अॅक्रिलामाइड नावाचा, अपायकारक मानला जाणारा घटक तयार होतो, तो तळण्यातही होतो आणि इथेही. बटाट्याचे काप अर्धा तास पाण्यात भिजवून, कोरडे करून घ्या आणि सोनेरी झाले की काढा, गडद तपकिरी होऊ देऊ नका. आणि उकडलेला मोदक, इडली, ढोकळा यांना हे यंत्र मागे टाकत नाही. ज्यांना तेल अगदीच वर्ज्य आहे त्यांचं काम मोदकपात्रानेही भागतं.

आम्ही सहाजण आहोत. केवढा घ्यावा?

खोक्यावरचे लिटर बघू नका, बास्केटचा तळ बघा. पदार्थ एका थरात मांडले तरच हवा फिरते, रचून ठेवले तर वरचे खरपूस आणि खालचे ओले राहतात. चार लिटरच्या यंत्राचा तळ साधारण आठ इंचांचा असतो. त्यात चौदा-पंधरा अळूवड्या, सहाच्या आसपास साबुदाणावडे किंवा माशाच्या तीन-चार तुकड्या बसतात. सहाजणांना दोन-दोन साबुदाणावडे द्यायचे तर दोन घाणे, प्रत्येकी वीस मिनिटं. एकादशीला पहिला घाणा खाऊन होतो आणि दुसऱ्याची वाट बघत घरातलं कोणीतरी, बहुधा करणारीच, उपाशी उभी राहते. याचा विचार खरेदीच्या वेळी कोणी करत नाही. करायला हवा.

दोघं-तिघं असाल तर चार लिटर पुरतं. पाच-सहाजणांना साडेपाच-सहा लिटरचं, पण मग ओट्यावरची जागाही जास्त जाते. सहाजणांच्या भरल्या घरात रोजच्या जेवणासाठी हे यंत्र घेऊ नका, हा माझा सल्ला आहे. एकट्याच्या पथ्याचं, मुलांच्या डब्याचं, पाहुणा आल्यावर बशीभर काहीतरी, यासाठी घ्यायचं असेल तर ठीक. २०२७च्या सिंहस्थात घर पाहुण्यांनी भरेल तेव्हा कामाला मोठी कढई आणि दोन झारेच येतील.

दिवाळीचा फराळ?

शंकरपाळी खारी बिस्किटांसारखी होते, चवीला बरी. करंजी भाजल्यासारखी होते, तूप लावून केली तर चांगली. चकली मात्र कडक आणि कोरडी होते, तेलातली जाळीदार खुसखुशी येत नाही. शिवाय एका वेळी सात-आठ चकल्या आणि पंधरा मिनिटं, किलोभर भाजणीला दिवस जाईल.

घरी ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे. तरी घ्यावा?

नको. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये कॉइल आणि पंखा असतोच, उंच जाळीवर ठेवून २०० अंशांवर हेच पदार्थ थोडा जास्त वेळ घेऊन होतात. पंखा असलेल्या ओटीजीचंही तेच. एअर फ्रायर लवकर तापतो, एवढाच खरा फरक. दोन्ही नसेल आणि केक, नानकटाईचीही हौस असेल, तर मी ओटीजी घ्यायला सांगेन. जागा थोडी जास्त लागते पण ट्रे मोठा मिळतो.

उन्हाळ्यात स्वयंपाकघर तापतं का?

कढईपेक्षा कमी. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला जातो तेव्हा शेगडीसमोर उभं न राहता वडी होणं ही फार मोठी सोय आहे. आवाज मात्र एक्झॉस्ट फॅनएवढा येतो, लहान घरात तो टीव्हीवर चढतो.

धुवायला त्रास होतो का?

रोज धुतलं तर नाही. बास्केट कोमट झाली की साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवायची आणि मऊ स्पंजने घासायची. तारेची घासणी, राख, स्टीलचा चमचा यातलं काहीही नको, कोटिंग निघतं. भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांना हे आधी दाखवून सांगा, किंवा बास्केट स्वतः धुवा.

वरच्या कॉइलवर तेलाचे कण बसतात, ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाहीत. महिन्यातून एकदा प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर यंत्र उलटं करा आणि ओलसर मऊ ब्रशने पुसा. तिथला थर जळायला लागला की प्रत्येक पदार्थाला खवट वास येतो. चिकनची चरबी गळून धूर होत असेल तर खालच्या ट्रेमध्ये थोडं पाणी घाला.

घेताना काय विचारावं?

किमती साधारण चार हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत आहेत. डिजिटल पडदा आणि आठ-दहा तयार बटणांसाठी जास्त पैसे घालू नका, तापमान आणि वेळेची दोन फिरती बटणं पुरतात आणि टिकतात. महात्मा गांधी रोडवर किंवा कॉलेज रोडला दुकानात जाऊन बास्केट हातात घ्या, टेपने तळ मोजा, हँडल हलत नाही ना बघा. मग विचारा: नाशिकमध्ये सर्व्हिस सेंटर आहे का, आणि सुटी बास्केट मिळते का? आमच्या ओळखीच्या एका घरात दीड वर्षात बास्केटचं कोटिंग सुटलं. मोटर, कॉइल सगळं ठणठणीत, पण सुटी बास्केट मिळेना, म्हणून अख्खं यंत्र बाजूला पडलं. ऑनलाइन सवलतीत दोनेक हजार वाचवण्यापेक्षा हे उत्तर आधी मिळवणं महत्त्वाचं.

वापरलेला, स्वस्तात मिळतोय. घ्यावा?

लोक हौसेने घेतात आणि जागेअभावी काढून टाकतात, त्यामुळे जवळजवळ नवी यंत्रं निम्म्या किमतीत मिळतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला हा चांगला मार्ग आहे. पण घरी जाऊन, सुरू करून बघूनच घ्या. २०० अंशांवर रिकामं दहा मिनिटं चालवायला सांगा. पंख्यातून घरघर किंवा घासल्याचा आवाज नको, जळका वास नको. प्लगच्या पिना काळ्या किंवा पिवळ्या पडल्या असतील तर ते आधी कमजोर सॉकेटवर चाललंय, सोडून द्या. बास्केट उजेडात धरा. तळाच्या कोटिंगला ओरखडे असतील, तर नव्या बास्केटची किंमत वजा करून भाव ठरवा आणि ती मिळणारच नसेल तर घेऊच नका.